दृष्टिपटलातील निरोप आणि घडविलेली प्रतिपिंडे

शालाक्यतंत्राविषयी बोलताना आम्हा वैद्यमंडळींना एक सवय जडलेली आहे. आधुनिक विज्ञानाने डोळ्यासंबंधी काही नवे सांगितले की आम्ही आलोचक पित्ताकडे बोट दाखवितो आणि ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून पान उलटतो. या सवयीने आलोचक पित्ताचा मान वाढत नाही, आणि नवे काय सांगितले तेही आमच्या पदरी पडत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही प्रकाशग्राही पेशींतील निरोपव्यवस्था आणि डोळ्यात टोचली जाणारी घडविलेली प्रतिपिंडे या दोन विषयांचा एकत्र परामर्श घेणार आहोत. वरकरणी हे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील, पण रुग्णाच्या एकाच डोळ्यात ते भेटतात, आणि तो रुग्ण आमच्याकडेही येत असतो.

धरमपेठेत व्यवसाय करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. वेस्ट हायकोर्ट रोडपासून गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत चालत गेले तर नेत्रचिकित्सालये, चष्म्याची दुकाने, औषधांची दुकाने आणि आयुर्वेदीय औषधालये शेजारीशेजारी लागतात. सकाळी दृष्टिपटलतज्ज्ञाकडे इंजेक्शन घेतलेला मधुमेही संध्याकाळी त्रिफळा घृत मागावयास आमच्याकडे येतो. इंजेक्शनची गोष्ट तो आम्हास सांगतो; घृताची गोष्ट तिकडे सांगत नाही. म्हणजे दोन्ही बाजू ठाऊक असणारे त्याच्या भोवतीचे एकमेव चिकित्सक पुष्कळदा आम्हीच असतो. ही जबाबदारी लहान नव्हे.

प्रथम निरोपव्यवस्थेकडे वळू. दृष्टिपटलात मंद प्रकाशासाठी शलाका पेशी आणि रंग व बारकाव्यांसाठी शंकुपेशी असतात. शलाकांची संख्या एका डोळ्यात दहा कोटींच्या आसपास, शंकूंची पन्नास-साठ लाख. या पेशींचा स्वभाव आमच्या अपेक्षेच्या उलट आहे. आम्हास वाटते, अंधारात पेशी विश्रांती घेत असेल आणि प्रकाश पडताच कामास लागत असेल. प्रत्यक्षात अंधारात तिची द्वारे उघडी असतात, त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम आत वाहत राहतात आणि पेशी पुढील मज्जापेशीकडे अखंड रसायन सोडत राहते. प्रकाश पडला की द्वारे मिटतात आणि रसायनाचा ओघ घटतो. पुढच्या पेशीला जो निरोप कळतो तो या घटीचाच. ही द्वारे उघडी ठेवणारा पदार्थ चक्रीय जीएमपी हा आहे, हे सोव्हिएत संशोधक फेसेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले.

आता प्रकाशकण आणि हे द्वार यांच्यामध्ये काय घडते ते पाहू. शलाकेतील ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्यात ऑप्सिन नावाचे प्रथिन आणि जीवनसत्त्व अ पासून झालेला रेटिनल हा रेणू यांची जोडी असते. रेटिनलचा रेणू वाकडा बसविलेला असतो. प्रकाशकण पडताच तो सरळ होतो, आणि हे काम सेकंदाच्या एका अतिसूक्ष्म अंशात उरकते. सरळ झालेल्या रेणूमुळे ऑप्सिनचा आकार बदलतो, ते ट्रान्सड्यूसिन या प्रथिनाच्या अनेक प्रतींना जागे करते, ट्रान्सड्यूसिन फॉस्फोडायएस्टरेज-६ या विकरास मोकळे करते आणि हे विकर चक्रीय जीएमपीचे वेगाने विघटन करते. द्वारे मिटतात. प्रत्येक पायरीवर निरोप वाढत जातो, म्हणून एकच प्रकाशकणही पुरतो. १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाच्या एकेका शलाकेतील विद्युत्प्रवाह मोजून एका प्रकाशकणाचा ठसा प्रत्यक्ष नोंदविला. उष्णता, पचन आणि रूपग्रहण यांची सांगड घालणाऱ्या आमच्या आचार्यांना अशा मोजणीचा आनंदच झाला असता. पण त्यांनी ती केलेली नव्हती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

या कथेत एक भारतीय नाव ठळक आहे. हरगोविंद खुराना यांचा जन्म १९२२ साली अखंड पंजाबातील रायपूर नावाच्या खेड्यात झाला. हे रायपूर म्हणजे आपल्या शेजारच्या छत्तीसगडातील नव्हे. जनुकीय संकेताच्या उलगड्यासाठी १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना होली आणि निरेनबर्ग यांच्यासह मिळाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे ऱ्होडॉप्सिनवर घालविली, हे मात्र फारसे ठाऊक नसते. १९८६ मध्ये फेरेत्ती, सदाशिव कर्णिक, नासाल आणि ओप्रियन या सहकाऱ्यांसह त्यांनी गाईच्या ऱ्होडॉप्सिनचे संपूर्ण जनुक प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने घडविले. उद्देश असा की जनुकात हवे तेथे एकच अक्षर बदलावे, बदललेले प्रथिन तयार करावे आणि ३४८ अमिनो आम्लांच्या या साखळीत कोणता दुवा कशासाठी आहे ते पाहावे.

अडचण येथे होती. माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींत हे जनुक घातले तर ऱ्होडॉप्सिन तयार होई, पण इतर हजारो प्रथिनांच्या गर्दीतून ते वेगळे कसे काढावे? उपाय कॅनडातील रॉबर्ट मोल्डे यांच्या प्रयोगशाळेतून आला. त्यांनी उंदरापासून मिळविलेले ‘१डी४’ हे एकजात प्रतिपिंड ऱ्होडॉप्सिनच्या शेपटाकडील जेमतेम आठ-नऊ अमिनो आम्ले अचूक ओळखीत असे. प्रतिपिंड स्थिर पृष्ठावर बांधावे, त्यावरून मिश्रण सोडावे, ऱ्होडॉप्सिन तेवढे चिकटून राहते, बाकी वाहून जाते. १९८७ मध्ये खुराना, ओप्रियन, मोल्डे आणि कॉफमन यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी कर्णिक आणि सहकाऱ्यांनी दाखविले की ११० व १८७ या स्थानांवरील दोन सिस्टीन दुव्यांशिवाय प्रथिनाची घडी नीट बसत नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळा डोळ्याशी संबंध नसलेल्या प्रथिनांनाही मुद्दाम तेच शेपूट जोडतात आणि त्याच प्रतिपिंडाने ती गोळा करतात. प्रकाशाचा निरोप समजून घेण्यास प्रतिपिंड हाताशी लागले ते असे.

या सर्व तपशिलाचा वैद्याच्या गादीशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. ‘रात्री दिसत नाही’ या तक्रारीपासून आरंभ करू.

नक्तांध्याचे वर्णन सुश्रुताच्या उत्तरतंत्रात आहे आणि त्यावर पिप्पलीसह बकऱ्याच्या यकृताचा प्रयोग सांगितला आहे. यकृत हे जीवनसत्त्व अ चे भांडार. जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टिपटलात हेच जीवनसत्त्व १९३३ मध्ये सापडले आणि त्या मालिकेतील कार्यासाठी त्यांना १९६७ चे नोबेल मिळाले. रेटिनलचा पुरवठाच नसेल तर ऱ्होडॉप्सिन बनत नाही, आणि अंधारात प्रथम शलाका निकामी होतात. आचार्यांचे निरीक्षण येथे खरोखर उत्तम होते. तथापि त्यावरून प्रत्येक नक्तांध्यास यकृत वा घृत द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. पुरवठा भरपूर असून कारखानाच जन्मतः सदोष असेल तर? रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आनुवंशिक व्याधीत नेमके हेच घडते. १९९० मध्ये तिचे पहिले कारण सापडले ते ऱ्होडॉप्सिनच्याच जनुकातील एका अक्षराच्या बदलात. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी आपल्याच परिसरातील खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी केली. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने ती जगभर उद्धृत होते. तीत ही व्याधी सुमारे ७५० प्रौढांमागे एकात आढळली. पाश्चात्त्य देशांतील नेहमीचा अंदाज चार हजारांत एक असा आहे. म्हणजे विदर्भातील वैद्याने हा रोग दुर्मिळ मानून चालणार नाही.

भेद ओळखणे फार कठीण नाही. जीवनसत्त्वाच्या अभावात डोळा कोरडा, बुबुळाशेजारी पांढरट फेसाळ ठिपके, आहाराचा वा यकृत-ग्रहणीच्या विकाराचा किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास, आणि पुरवठा होताच काही दिवसांत सुधारणा. आनुवंशिक प्रकारात बालपणापासूनची किंवा तारुण्यातील हळूहळू वाढणारी तक्रार, बाजूचे न दिसल्याने दाराच्या चौकटीला व मेजाच्या कोपऱ्याला धडकणे, भावंडांत किंवा मातापित्यांच्या नात्यातील विवाहाचा इतिहास. अशा रुग्णास आम्ही वर्षानुवर्षे घृतावर ठेवले तर त्याची खात्रीची निदानाची वेळ आम्हीच घेतली असे होईल. आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावर डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचारास मान्यता मिळाली आहे. तो सर्वांस लागू नाही आणि सुलभही नाही, पण कोणत्या जनुकाचा दोष आहे हे ठाऊक असणे आता निरर्थक राहिलेले नाही. गर्भिणीस नक्तांध्य असल्यास जीवनसत्त्व अ ची मोठी मात्रा स्वतःच्या अंदाजाने देऊ नये, ती गर्भास बाधक ठरते. हे आवर्जून लिहितो, कारण यकृताचा अर्क ‘निरुपद्रवी’ म्हणून दिला जाताना आम्ही पाहिलेला आहे.

दुसरी तक्रार ऐकावयास चमत्कारिक वाटते. मध्यम वयाचे एक गृहस्थ आमच्याकडे येऊन म्हणाले, “वैद्यसाहेब, काल रात्रीपासून पांढरा सदरा निळसर दिसून राहिला.” रक्तदाब, साखर, चष्मा सर्व विचारून झाले. शेवटी संकोचाने कळले की कुठूनतरी आणलेले एक ‘शुद्ध वनौषधी’ वाजीकरण चूर्ण ते घेत होते. वर सांगितलेले फॉस्फोडायएस्टरेज-६ येथे आठवावे. सिल्डेनाफिल हे औषध फॉस्फोडायएस्टरेज-५ या त्याच्या भाऊबंदास रोखण्यासाठी आहे, पण मोठ्या मात्रेत ते थोड्या प्रमाणात डोळ्यातील या सहाव्या प्रकारासही रोखते. चक्रीय जीएमपीचे विघटन मंदावते आणि काही तास दृष्टीस निळी छटा येते. अश्वगंधा, कौंचबीज, शतावरी, गोखरू यांनी कोणाचा सदरा निळा दिसत नाही. अशी तक्रार आली की चूर्णात काय मिसळले आहे याविषयी वैद्याने शंका घ्यावीच.

वाजीकरण म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘वनस्पतिजन्य’ उत्पादनांत सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा त्यांच्या रेणूत किंचित फेरफार करून तयार केलेली भावंडे सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेकदा दिले आहेत. फेरफाराचा हेतू चाचणीतून निसटणे हाच. हृद्रोगी मनुष्य नायट्रेट घेत असेल आणि त्याला असे चूर्ण दिले गेले तर रक्तदाब धोकादायक रीतीने घसरतो. प्राणावर बेतू शकते. रेटिनायटिस पिग्मेंटोझाच्या काही रुग्णांत हे विकरच जन्मतः दोषी असते, त्यांच्या बाबतीत तर मूळ औषधाच्या माहितीपत्रकातही सावधगिरी सांगितलेली आहे. औषधनिर्माते बंधूंना आमची विनंती स्पष्ट आहे: तयार घनसत्त्व बाहेरून घेत असाल तर प्रत्येक खेप क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान-वर्णपट चाचणीतून जावी, केवळ पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. उत्पादनाच्या डब्यावर नाव तुमचे असते. विक्रेत्यांनीही, एका रात्रीत गुण येण्याची ख्याती पसरलेले चूर्ण गल्ल्यावर ठेवताना ती ख्याती कशाची आहे याचा विचार करावा. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात लैंगिक सामर्थ्याबरोबर अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहही आहेत, याचाही कित्येकांना विसर पडलेला दिसतो.

आता तिसरी तक्रार, आणि तीच संख्येने वाढत जाणारी: ‘सरळ रेघ वाकडी दिसते’, ‘मध्यभागी डाग आहे’, ‘अक्षरे तुटतात’. येथे पुन्हा अंधारातील उघड्या द्वारांकडे जावे लागते. आत वाहत येणारे सोडियम सतत बाहेर फेकण्यासाठी प्रकाशग्राही पेशीला प्रचंड ऊर्जा लागते आणि म्हणून अंधारात दृष्टिपटलाची प्राणवायूची भूक उजेडापेक्षा अधिक असते. मधुमेहात सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब झाल्या की ही भूक भागत नाही. उपाशी पेशी रक्तवाहिन्यांना ‘इकडे वाढा’ असा निरोप देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात. नव्या वाहिन्या येतात खऱ्या, पण त्या कच्च्या, पाझरणाऱ्या. पीतबिंदूवर सूज येते, रक्त सांडते. वार्धक्यातील पीतबिंदूच्या ‘ओल्या’ ऱ्हासातही याच प्रथिनाचा हात असतो, जरी तेथील आरंभ वेगळा आहे. अंधारातील भूक कमी करावी म्हणून मधुमेहींना रात्री मंद प्रकाशाचा मुखवटा लावून झोपविण्याची कल्पना ब्रिटनमध्ये मोठ्या चाचणीत पारखली गेली; २०१८ मध्ये निष्कर्ष आला की दीर्घकाळात लाभ नाही. उपपत्ती सुंदर असली तरी चाचणीला उतरावी लागते, हा भाग आम्हास त्या चाचणीतील सर्वांत मोलाचा वाटतो. हळद वा गुग्गुळ यांचा अंश काचपात्रातील पेशींत व्हीईजीएफ कमी करतो, म्हणून तो मधुमेहीच्या पीतबिंदूची सूज उतरवील, असे लिहिणाऱ्यांनी तो वाचावा.

व्हीईजीएफला पकडून ठेवणारे प्रतिपिंड हे आजच्या उपचाराचे मर्म. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अमर्याद मिळविण्याची रीत शोधली, पण ती उंदराची प्रतिपिंडे होती आणि मानवी शरीर त्यांना परके मानी. १९८६ मध्ये ग्रेगरी विंटर यांच्या गटाने उंदराच्या प्रतिपिंडातील केवळ पकडणारी टोके मानवी प्रतिपिंडाच्या सांगाड्यावर बसविली. कलम करण्यासारखेच हे: खुंट मानवी, डोळा उंदराचा. व्हीईजीएफविरुद्धच्या उंदरी प्रतिपिंडाला अशाच रीतीने मानवी रूप देऊन बेव्हासिझुमॅब तयार झाले. २००४ मध्ये ते आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. डोळ्यासाठी त्याचाच एक बाहू तोडून, त्याची पकड अधिक घट्ट करून रॅनिबिझुमॅब घडविले गेले. मूळ प्रतिपिंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा हा तुकडा शेपूटरहित असल्यामुळे रक्तात गेला तरी लवकर निघून जातो. जून २००६ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्रा अर्धा मिलिग्रॅम, आकारमान ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाइतके. २०२२ मध्ये मान्य झालेल्या फॅरिसिमॅबचे दोन बाहू दोन निरनिराळी प्रथिने पकडतात, एक व्हीईजीएफ आणि दुसरे अँजिओपोएटिन-२. निसर्गात असे प्रतिपिंड नेहमीच्या रीतीने होत नाही, ते घडवावेच लागते.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. ल्युपिनच्या पुण्यातील जैवतंत्रज्ञान विभागाने रॅनिबिझुमॅबचा जैवसदृश विकसित केला. त्याआधी २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीचा आलेला होता. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायॉलॉजिक्सच्या सहकार्याने अलर्कविषाविरुद्ध मानवी एकजात प्रतिपिंड आणले, ते डोळ्याचे नव्हे, पण विद्या तीच. बेव्हासिझुमॅब स्वस्त पडते म्हणून त्याची एक मोठी कुपी अनेक रुग्णांसाठी लहान सिरिंजांत वाटली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तुलनात्मक चाचणीत दोन्ही औषधांचा दृष्टीवरील परिणाम सारखाच दिसला. धोका आहे तो वाटणीच्या वेळी जंतुसंसर्गाचा. २०१६ च्या आरंभी गुजरातेत अनेक रुग्णांचे डोळे अशा इंजेक्शननंतर बिघडल्यावर औषध महानियंत्रकांनी त्याच्या नेत्रवापराविरुद्ध इशारा दिला आणि काही आठवड्यांनी तो मागे घेतला.

औषधविक्रेत्या बंधूंनी ही औषधे दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये, प्रकाशापासून दूर, त्यांच्या खोक्यातच ठेवावीत आणि गोठू देऊ नयेत. नागपूरच्या मे महिन्यात रुग्णाच्या हाती थंड पेटी न देता कुपी सोपविणे म्हणजे औषध फेकून देणे होय. प्रथिन एकदा विस्कटले की बाहेरून काहीही कळत नाही. द्रव पूर्वीसारखाच स्वच्छ दिसतो.

वैद्यांनी पाळावयाची गोष्ट याहून नाजूक आहे. इंजेक्शननंतरच्या दिवसांत तर्पण, आश्च्योतन, अंजन, सेक, त्रिफळा काढ्याने डोळा धुणे यांपैकी काहीही त्या डोळ्यावर करू नये. निर्जंतुक नसलेले घृत सुईच्या छिद्राजवळ नेणे ही चिकित्सा नव्हे. डोळा लाल होऊन दुखू लागला, पापणी सुजली, उजेड सोसेना आणि दृष्टी आदल्या दिवसापेक्षा घटली, तर ते अभिष्यंद मानून थांबू नये; डोळ्याच्या आतील संसर्गात तासांचा हिशेब असतो, म्हणून रुग्णास त्याच दिवशी, रात्र असली तरी, दृष्टिपटलतज्ज्ञाकडे पाठवावे. इंजेक्शन चालू असता ‘आता आमच्या औषधाने थांबवा’ असे कोणी सांगू नये. प्रतिपिंड डोळ्यातून काही आठवड्यांत निघून जाते आणि उपाशी पेशींचे व्हीईजीएफ पुन्हा जमू लागते; दोन इंजेक्शने चुकली की मिळविलेल्या ओळी गमावल्या जातात. प्रमेहाचा आहारविहार, रक्तदाब, अग्नी, निद्रा, बस्ती, यांत आमचे क्षेत्र विस्तीर्ण आहे आणि ते इंजेक्शनच्या बरोबरीने चालते.

आमच्या चिकित्सालयात प्रत्येक मधुमेहीला आम्ही हिशेबाच्या चौकटीची वही दाखवितो, तसा पुठ्ठाही लिहिण्याच्या मेजावर ठेवलेला आहे. चष्मा लावून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे पाहावे, मग दुसरा. एखादी रेघ वाकली, तुटली वा चौकट हरवली, तर काढा लिहिण्याआधी चिठ्ठी लिहावयाची. घरी फरशीच्या सांध्यांवर हीच परीक्षा होते. जे नुसते पाठ दुखते म्हणून आलेले असतात, त्यांनाही विचारण्यास दोन मिनिटे लागतात. आणि दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवून पाहू दिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची तक्रार बेमालूम झाकून टाकतो, म्हणून झाकणारा हात रुग्णाचा नव्हे, आपला असावा.